सेटिंगमधील बदलांचा तत्काळ अंमल आणि पुष्टी

संगणक, मोबाइल, संकेतस्थळ किंवा अन्य डिजिटल प्रणालीच्या सेटिंगमध्ये केलेला बदल कोणत्या क्षणी लागू व्हावा, हा प्रणालीची रचना करताना उद्भवणारा एक मूलभूत प्रश्न आहे. त्याची दोन प्रमुख उत्तरे दिली जातात. पहिल्या पद्धतीत वापरकर्त्याने पर्याय निवडताच बदल अमलात येतो. यास तत्काळ अंमल असे म्हणता येईल. दुसऱ्या पद्धतीत निवडलेला पर्याय प्रलंबित राहतो आणि 'जतन करा', 'लागू करा' किंवा 'ठीक' यांसारखे बटण दाबल्यावरच तो अमलात येतो. हा पुष्टीनंतरचा अंमल होय. या दोहोंच्या दरम्यान तिसरी पद्धतही रूढ झाली आहे. तीत बदल नोंदवला जातो, मात्र ठरावीक मुदतीत तो मागे घेता येतो.

पडद्याची उजळता कमी-अधिक करताना चूक झाली तर तिची किंमत नगण्य असते. बँकेचे कार्ड, रेल्वेचे आरक्षण किंवा सातबारा उताऱ्यावरील पिकाची नोंद अशा प्रणालींत मात्र हाच प्रश्न पैशाशी आणि हक्काशी जोडला जातो. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावसारख्या तालुक्यात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून केलेली पीक नोंद हे त्याचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण असून त्याची चर्चा या लेखात पुढे केली आहे.

संज्ञा आणि मूळ प्रश्न

सेटिंगमधील कोणत्याही बदलात तीन घटना घडतात: वापरकर्ता पर्याय निवडतो, प्रणाली तो पर्याय साठवते आणि त्या पर्यायाचा परिणाम प्रत्यक्षात दिसू लागतो. तत्काळ अंमलात या तिन्ही घटना एकाच क्षणी घडतात किंवा घडल्यासारख्या भासतात. पुष्टीनंतरच्या अंमलात पहिली घटना इतर दोघींपासून वेगळी केली जाते. काही प्रणालींत दुसरी व तिसरी घटनाही वेगळ्या असतात. उदाहरणार्थ, संगणकाचे काही बदल साठवले जातात, पण तो पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतात.

पुष्टी आणि ओळख पटवणे या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. 'हा बदल खरोखर करायचा आहे का?' असे विचारणे म्हणजे पुष्टी. 'हा बदल करणारी व्यक्ती तीच आहे का?' हे सांकेतिक क्रमांक, ओटीपी किंवा बोटाच्या ठशाने तपासणे म्हणजे ओळख पटवणे. युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस (यूपीआय) या २०१६ साली सुरू झालेल्या देयक प्रणालीत पिन टाकण्याची एकच कृती दोन्ही कामे करते. त्यामुळे पिन कशासाठी मागितला जात आहे हे न वाचता तो टाकण्याची सवय लागते आणि पैसे मिळवण्यासाठी पिन टाका असे सांगणाऱ्या भामट्यांचे फावते. प्रत्यक्षात पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिनची गरज नसते.

इतिहास

१९८४ साली बाजारात आलेल्या अ‍ॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकात आवाज, माउसची गती इत्यादी सेटिंग्ज एका छोट्या नियंत्रण पटलावर एकत्र केलेल्या होत्या. तेथील बहुतेक बदल निवड करताच लागू होत. याच सुमारास अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी 'थेट हाताळणी' ही संकल्पना मांडली. पडद्यावरील वस्तू थेट हाताळता यावी, कृतीचा परिणाम लगेच दिसावा आणि ती कृती सहज उलटवता यावी, असे तिचे सार आहे. तत्काळ अंमलाची वैचारिक बैठक प्रामुख्याने या संकल्पनेत आढळते. मात्र तीत तत्परतेइतकेच महत्त्व उलटवता येण्याला दिलेले आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीने वेगळा मार्ग घेतला. १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून अनेक टॅब असलेल्या सेटिंगच्या चौकटी आणि त्यांच्या तळाशी 'ठीक', 'रद्द करा' व 'लागू करा' ही तीन बटणे जगभरच्या वापरकर्त्यांच्या परिचयाची झाली. 'लागू करा' या बटणाने बदल अमलात येतो आणि चौकट उघडी राहते. 'ठीक' या बटणाने बदल अमलात येऊन चौकट बंद होते. 'लागू करा' दाबल्यानंतर 'रद्द करा' दाबल्यास आधीचा बदल मागे जात नाही. अनेक वापरकर्त्यांची अपेक्षा याच्या उलट असते.

लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीच्या काळात तत्काळ अंमल हा सेटिंगचा सर्वसाधारण नियम म्हणून स्वीकारला. त्यांच्या सेटिंगच्या चौकटीत केवळ 'बंद करा' हे बटण राहिले. या प्रकल्पाच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन अपवाद मान्य केले होते: बदल लागू होण्यास सुमारे एका सेकंदाहून अधिक वेळ लागत असेल तर, आणि अनेक बदल एकत्रच लागू होणे आवश्यक असेल तर. लिनक्सवरीलच केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपने मात्र 'लागू करा' बटणाची परंपरा चालू ठेवली.

२००७ नंतर स्मार्टफोनच्या प्रसाराने तत्काळ अंमलाचे पारडे जड झाले. आयफोन व अँड्रॉइड या दोन्ही प्रणालींत सरकवायच्या कळीसारखे दिसणारे स्विच रूढ झाले आणि भिंतीवरील विजेच्या बटणाप्रमाणे ते दाबताच परिणाम व्हावा, ही अपेक्षा दृढ झाली. विंडोजच्या नव्या सेटिंग्ज ॲपमध्येही बहुतांश बदल लगेच लागू होतात. संकेतस्थळांवर मात्र अर्ज भरून शेवटी एक बटण दाबण्याची पद्धत टिकून आहे. संकेतस्थळावरील माहिती दूरच्या सर्व्हरकडे एकत्रितपणे पाठवली जात असे, हे त्याचे ऐतिहासिक कारण आहे.

तत्काळ अंमलाचे फायदे व मर्यादा

तत्काळ अंमलात वापरकर्त्याला परिणाम डोळ्यांनी पाहून निर्णय घेता येतो. अक्षरांचा आकार, पडद्याचा रंग, आवाजाची पातळी यांसारख्या बाबतींत योग्य मूल्य आधी ठाऊक नसते; थोडे कमी, थोडे जास्त करूनच ते सापडते. अशा वेळी प्रत्येक प्रयत्नानंतर बटण दाबावे लागणे त्रासाचे ठरते. तसेच 'जतन करा' दाबायचे राहून गेल्याने बदल वाया जाण्याचा प्रकार या पद्धतीत घडत नाही.

याउलट, स्पर्शपडद्यावर चुकून बोट लागले तरी बदल होतो आणि काय बदलले हे वापरकर्त्याच्या लक्षात येईलच असे नाही. परिणाम समोर दिसत नसलेल्या सेटिंगमध्ये हा धोका वाढतो. एखाद्या ॲपला स्थान वापरण्याची परवानगी दिली गेली किंवा छायाचित्रांची राखीव प्रत घेणे बंद झाले, तर पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. मूळ मूल्य कोणते होते हे प्रणालीने दाखवले नाही, तर मागे फिरण्याचा मार्गही स्मरणशक्तीवर अवलंबून राहतो.

परस्परांवर अवलंबून असलेल्या सेटिंग्जना तत्काळ अंमल मानवत नाही. संगणकाचा नेटवर्क पत्ता, त्याचा मास्क आणि प्रवेशद्वाराचा पत्ता ही तीन मूल्ये एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. त्यांपैकी पहिले बदलताच लागू झाले, तर उरलेली दोन भरेपर्यंत जोडणी तुटलेली राहते. अशा सेटिंग्ज एकत्र भरून एकदाच लागू करणे श्रेयस्कर मानले जाते.

पुष्टीचे फायदे व मर्यादा

पुष्टीमुळे वापरकर्त्याला थांबून विचार करण्याची संधी मिळते. भरलेली सर्व माहिती एका ठिकाणी पुन्हा पाहता येते आणि मन बदलल्यास काहीही न करता बाहेर पडता येते. आर्थिक, कायदेशीर व अपरिवर्तनीय बाबींत ही संधी महत्त्वाची असते.

तिची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे सवय. वारंवार येणारा प्रश्न वाचला जात नाही. बोट आपोआप 'होय' कडे जाते. मॅकिंटॉश प्रकल्पाचे प्रारंभीचे शिल्पकार जेफ रॅस्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'द ह्यूमेन इंटरफेस' या पुस्तकात ही बाब मांडली. पुष्टी देणे हा मूळ कृतीचाच यांत्रिक भाग बनतो आणि चुकीपासून तिचे संरक्षण उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुष्टी मागण्यापेक्षा केलेली कृती उलटवण्याची सोय द्यावी, असा त्याचा निष्कर्ष निघतो.

१३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात घडलेली घटना या संदर्भात वारंवार उद्धृत केली जाते. तेथील आपत्कालीन व्यवस्थापन यंत्रणेतील एका कर्मचाऱ्याने सरावाच्या वेळी क्षेपणास्त्र हल्ल्याचा खरा इशारा नागरिकांच्या मोबाइलवर पाठवला. प्रणालीने इशारा पाठवायचा आहे ना, अशी पुष्टी मागितली होती आणि कर्मचाऱ्याने ती दिली. हल्ला खरोखरच होत आहे, असा त्याचा समज झाला होता, असे पुढील चौकशीत नमूद झाले. सरावासाठीचा आणि खऱ्या इशाऱ्यासाठीचा पुष्टीचा प्रश्न सारखाच होता. इशारा चुकीचा असल्याचे कळवणारा संदेश आधीपासून तयार ठेवलेला नसल्याने तो पोहोचण्यास ३८ मिनिटे लागली. पुष्टीची पायरी असूनही चूक टळली नाही आणि दुरुस्तीची वाट नसल्याने तिचा परिणाम लांबला, असे दोन धडे या घटनेतून घेतले जातात.

मुदतीची पद्धत

बदल करू द्यायचा, पण परतीची वाट काही काळ खुली ठेवायची, या पद्धतीची अनेक रूपे आढळतात.

विंडोजमध्ये पडद्याचे रिझोल्यूशन बदलल्यावर ते लगेच लागू होते आणि हा बदल ठेवायचा का, असे विचारले जाते. १५ सेकंदांत उत्तर न मिळाल्यास प्रणाली आपोआप जुन्या मूल्याकडे परतते. चुकीच्या मूल्यामुळे पडदा काळा पडला, तर वापरकर्त्याला प्रश्नच दिसणार नाही. म्हणून मौनाचा अर्थ येथे नकार असा घेतला जातो.

जुनिपर कंपनीच्या नेटवर्क उपकरणांत दूरवरून केलेला बदल तात्पुरता लागू करण्याची आज्ञा आहे. प्रशासकाने मुदतीत, म्हणजे अन्यथा ठरवले नसल्यास १० मिनिटांत, दुसऱ्यांदा पुष्टी दिली नाही तर उपकरण पूर्वस्थितीला जाते. चुकीच्या सेटिंगमुळे प्रशासकाचा स्वतःचाच संपर्क तुटला, तरी उपकरणापर्यंत माणूस पाठवण्याची वेळ येत नाही. सिस्को कंपनीच्या पारंपरिक उपकरणांत आज्ञा तत्काळ लागू होते, परंतु ती कायमची साठवण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली नसल्यास उपकरण पुन्हा सुरू केल्यावर जुनी सेटिंग परत येते.

जीमेल या ईमेल सेवेत पाठवलेला संदेश मागे घेण्याची सोय २०१५ साली नियमित सेटिंग म्हणून देण्यात आली. तीत संदेश प्रत्यक्षात ५ ते ३० सेकंद रोखून धरला जातो. वापरकर्त्याला तो पाठवला गेल्यासारखा वाटतो, पण तेवढ्या अवधीत तो रद्द करता येतो.

भारतातील उदाहरणे

बँक कार्ड

भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कार्डधारकाला आपले कार्ड चालू किंवा बंद करण्याची आणि देशांतर्गत, परदेशी, ऑनलाइन व स्पर्शविरहित व्यवहारांच्या मर्यादा ठरवण्याची सोय बँकांनी देणे आवश्यक झाले. कार्डाच्या स्थितीत बदल झाल्यास त्याची सूचना एसएमएस किंवा ईमेलने द्यावी, अशीही तरतूद त्यात आहे. या सेटिंगमध्ये दोन दिशांचा धोका सारखा नाही. हरवलेले कार्ड बंद करण्यास क्षणाचाही विलंब परवडत नाही, तर परदेशी व्यवहार सुरू करणे चोराच्या हाती पडल्यास नुकसानकारक ठरते. त्यामुळे सुरक्षिततेकडे नेणारा बदल तत्काळ आणि धोक्याकडे नेणारा बदल पुष्टीनंतर, अशी असमान रचना येथे तर्कसंगत ठरते.

आधारच्या बायोमेट्रिक माहितीला कुलूप लावण्याच्या सोयीतही हेच तत्त्व दिसते. तात्पुरते उघडलेले कुलूप काही मिनिटांनंतर आपोआप पुन्हा लागते.

रेल्वे आरक्षण

शेगाव हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील स्थानक असून मुंबई–नागपूर मार्गावर आहे. श्री गजानन महाराजांच्या समाधिस्थळामुळे तेथे राज्यभरातून भाविक येतात आणि त्यांतील अनेकजण तिकिटे ऑनलाइन काढतात. आरक्षण करताना प्रवाशांची नावे, वय, गाडी व तारीख यांचा गोषवारा पैसे भरण्यापूर्वी दाखवला जातो. ही पुष्टीची पायरी होय. आरक्षणानंतर गाडीत बसण्याचे स्थानक बदलण्याचीही सोय आहे. मुंबईहून शेगावचे तिकीट काढलेल्या प्रवाशाने बसण्याचे स्थानक कल्याण असे बदलल्यास मुंबईहून बसण्याचा त्याचा हक्क संपुष्टात येतो. पडद्यावर एका ओळीचा वाटणारा हा बदल हक्काचे हस्तांतर असल्याने त्याचा परिणाम बदलापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक ठरते.

ई-पीक पाहणी आणि शेगाव तालुका

महाराष्ट्रात गाव नमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पात ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करण्याची पद्धत सुरू झाली. सातबारावरील पिकाची नोंद हमीभावाने शेतमालाची विक्री, पीक विमा, पीक कर्ज आणि नैसर्गिक आपत्तीची भरपाई अशा अनेक ठिकाणी आधारभूत मानली जाते. त्यामुळे ॲपमधील एका निवडीचे परिणाम शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मिळकतीपर्यंत पोहोचतात.

शेगाव तालुक्यात खरीप हंगामात कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके असून कापूस किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेण्याची पद्धत रूढ आहे. ॲपमध्ये पिकाचा वर्ग निवडताना 'निर्भेळ पीक' आणि 'मिश्र पीक' असे पर्याय असतात. कपाशीत तूर असलेल्या शेतासाठी शेतकऱ्याने चुकून निर्भेळ पीक निवडून केवळ कापसाची नोंद केली, तर तूर सातबारावर येत नाही. ही चूक नोंद करताना जाणवत नाही. कित्येक महिन्यांनी, तूर हमीभाव केंद्रावर नेण्यासाठी नोंदणी करताना ती उघड होते.

या प्रणालीत बदलाचा अंमल एका क्षणी होत नाही. तो टप्प्याटप्प्याने होतो. शेतकरी शेतात उभा राहून पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीची तारीख भरतो आणि पिकाचे छायाचित्र काढतो. त्यानंतर भरलेल्या माहितीच्या खरेपणाची स्वयंघोषणा घेतली जाते. शेतात मोबाइलला नेटवर्क नसल्यास माहिती फोनमध्ये साठवून नंतर अपलोड करता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने काम पूर्ण झाले तरी शासनाच्या नोंदीत ते अद्याप पोहोचलेले नसते. अपलोड करायचे राहून गेल्यास नोंद झालीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. 'जतन केले' आणि 'पाठवले' या दोन अवस्थांतील फरक पडद्यावर ठळकपणे दाखवणे अशा ठिकाणी अत्यावश्यक ठरते.

२०२२ साली आलेल्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा स्वतःहून दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानावी आणि त्यांपैकी १० टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्यांनी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) करावी, अशी रचना करण्यात आली. पुष्टी, मुदत आणि त्रयस्थ पडताळणी या तिन्ही पद्धती येथे एकत्र आल्या आहेत.

तरीही वरील उदाहरणातील चूक ४८ तासांत लक्षात येईलच असे नाही, कारण ती दाखवून देणारी घटना हंगामाच्या शेवटी घडते. नमुन्यादाखल केलेल्या पडताळणीत प्रत्येक शेत येत नाही. घरातील तरुण मुलाने किंवा शेजाऱ्याने नोंद करून दिली असल्यास खातेदाराने ती पाहिलेलीही नसते. नोंदीचा गोषवारा मुदत संपण्यापूर्वी खातेदाराच्या नजरेस आणणे, हा या मर्यादेवरील एक उपाय ठरतो. ॲपमध्ये गावातील इतर खातेदारांच्या नोंदी पाहण्याची सोय असल्याने चूक दुसऱ्याच्या नजरेस येण्याचीही शक्यता राहते.

महसूल कायद्यातील जुने साधर्म्य

जमिनीच्या नोंदीत पुष्टी व मुदत ही तत्त्वे संगणकाच्या आधीपासून आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार हक्कातील बदलाची खबर मिळाल्यावर तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळवतो. हरकत घेण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते. त्यानंतर सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच ती अधिकार अभिलेखात कायम होते. या व्यवस्थेत पुष्टीचा प्रश्न बदल करू पाहणाऱ्याबरोबरच त्या बदलाचा फटका बसू शकणाऱ्यालाही विचारला जातो, हे तिचे वैशिष्ट्य आहे. संगणकीय सेटिंगमध्ये सामायिक खाते किंवा कौटुंबिक योजनेसारखे अपवाद वगळता हा विचार क्वचितच आढळतो.

निवडीचे निकष

कोणत्या सेटिंगला कोणती पद्धत योग्य, हे ठरवताना सामान्यतः पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

दृश्यता: परिणाम लगेच दिसत असल्यास तत्काळ अंमल सोयीचा ठरतो. परिणाम दडलेला किंवा उशिरा दिसणारा असल्यास गोषवारा व सूचना आवश्यक असतात.

उलटवता येणे: बदल तितक्याच सहजपणे मागे घेता येत असल्यास पुष्टी अनावश्यक ठरते. मागे घेणे अशक्य असल्यास पुष्टी टाळता येत नाही.

परस्परावलंबन: एकत्र बदलायच्या मूल्यांना एकच 'लागू करा' बटण असावे.

परिणामाचा भार: पैसा, कायदेशीर हक्क, सुरक्षितता किंवा इतर व्यक्तींवर परिणाम करणारा बदल स्वतंत्र पायरीने व्हावा.

मुदतीचे प्रमाण: परतीची वाट खुली ठेवण्याचा काळ हा चूक लक्षात येण्यास लागणाऱ्या काळाशी सुसंगत असावा. पडद्याचा बिघाड १५ सेकंदांत कळतो. तुटलेली नेटवर्क जोडणी काही मिनिटांत कळते. हक्काच्या नोंदीतील चूक कळण्यास दिवस किंवा महिने लागतात. केवळ प्रणालीच्या सोयीने ठरवलेली मुदत यामुळेच निरुपयोगी ठरू शकते.

भाषेची सेटिंग

भाषा बदलण्याची सेटिंग ही वरील निकषांचा एक विशेष प्रसंग आहे. तिचा परिणाम संपूर्ण पडद्यावर लगेच दिसतो, परंतु नवी भाषा वाचता न येणाऱ्याला परतीची वाट सापडत नाही. मराठी भाषिकाचा फोन चुकून तमिळ किंवा अरबी भाषेत गेला, तर 'भाषा' हा शब्द कोणत्या ओळीत आहे हेच त्याला कळत नाही. या कारणाने भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव त्या भाषेच्या लिपीतच लिहिण्याचा संकेत आहे. सेटिंगच्या शेजारी सर्वत्र सारखे चिन्ह ठेवणे आणि बदलानंतर काही काळ जुन्या भाषेतून परतीचे बटण दाखवणे, हे आणखी दोन उपाय होत. महाराष्ट्रातील अनेक एटीएमवर व्यवहाराच्या आरंभीच मराठी, हिंदी व इंग्रजी यांतील निवड विचारली जाते. ती निवड एका व्यवहारापुरती असल्याने तेथे चूक पुढील व्यवहारात आपोआप पुसली जाते.

सुगम्यता

सर्वांना वापरता येतील अशा संकेतस्थळांसाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या विषयाशी संबंधित दोन निकष आहेत. पहिल्यानुसार, एखाद्या घटकाचे मूल्य बदलताच वापरकर्त्याला पूर्वसूचना न देता पानाचा संदर्भ बदलू नये. पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला असा अचानक झालेला बदल गोंधळात टाकतो. दुसऱ्यानुसार, कायदेशीर बांधिलकी, आर्थिक व्यवहार किंवा साठवलेल्या माहितीतील बदल यांसाठी तीनपैकी किमान एक सोय असावी: सादर केलेले उलटवता यावे, त्यातील चुका तपासून दाखवल्या जाव्यात, किंवा अंतिम सादरीकरणापूर्वी पुनरावलोकन करता यावे. भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही डब्ल्यूसीएजीचा आधार घेतात.

हात थरथरणाऱ्या वयस्क व्यक्तींना स्पर्शपडद्यावरील तत्काळ बदल त्रासदायक ठरतात. तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांना पुष्टीचा मजकूरच अडसर होतो. अशा वापरकर्त्यांसाठी चित्र, आवाज आणि ठळकपणे दिसणारे 'मागे घ्या' बटण यांचा उपयोग केला जातो.

मांडणी आणि शब्दयोजना

नियंत्रणाच्या रूपावरून त्याचे वर्तन ओळखता यावे, असा संकेत रूढ आहे. स्विचने बदल लगेच व्हावा. खूण करायची चौकट अर्जाचा भाग असल्यास बदल बटण दाबल्यावर व्हावा. एकाच पानावर काही सेटिंग्ज तत्काळ आणि काही पुष्टीनंतर लागू होत असल्यास वापरकर्ता 'जतन करा' दाबण्यास विसरतो किंवा आधीच लागू झालेला बदल रद्द झाला असे समजून निघून जातो. जतन न केलेले बदल असताना पान सोडल्यास सूचना देणे, बदललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवणे आणि काही बदल नसताना बटण निष्क्रिय ठेवणे, असे उपाय त्यासाठी योजले जातात.

पुष्टीच्या बटणांवरील शब्दांनाही महत्त्व आहे. 'आपण नक्की रद्द करू इच्छिता?' या प्रश्नाखाली 'ठीक' आणि 'रद्द करा' अशी बटणे असल्यास तिकीट रद्द होणार की रद्द करण्याची क्रिया रद्द होणार, हे समजत नाही. त्याऐवजी 'तिकीट रद्द करा' आणि 'तिकीट ठेवा' असे कृती सांगणारे शब्द वापरल्यास प्रश्न न वाचणाऱ्यालाही परिणाम कळतो. मराठीत 'सेव्ह', 'अप्लाय' व 'सबमिट' या तिन्हींसाठी कधीकधी 'जतन करा' हा एकच शब्द वापरला जातो. साठवणे, लागू करणे आणि पाठवणे या क्रिया भिन्न असल्याने अनुवादात 'जतन करा', 'लागू करा' व 'सादर करा' असा भेद राखल्यास वापरकर्त्याला आपला बदल कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखता येते.

हे सुद्धा पहा

ई-पीक पाहणी
सातबारा उतारा
फेरफार
युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस
मानव-संगणक संवाद
शेगाव